हरकत असल्यास कळवावी

लोणावळा
८ जानेवारी २०२४

चि. आगस्टीन यास,
जय ख्रिस्त आणि अक्काचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. रूथच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, आता तरी विहिरीवर जाणं सोड. तुला सगळे हसतात की मास्तर अजून पत्र लिहितात, पण तू तरी काय करणार. फोनवर स्पीकर लावल्याशिवाय तुला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की माझी खुशाली निम्म्या टाकव्याला कळते. आज जे लिहिणार आहे ते निम्म्या टाकव्याला कळून चालणार नाही. तेव्हा हे पत्र सूनबाईकडे वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव, बस, आणि एकट्याने वाच.

डिसेंबरात रोमहून तो कागद निघाला ना, त्यावरून आमच्या चर्चमध्ये रणकंदन चाललंय. काल मिस्सा झाल्यावर फादरांनी सगळ्यांना थांबवून घेतलं आणि समजावलं. दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र राहत असतील आणि आशीर्वाद मागायला आले, तर फादर त्यांच्यासाठी दोन शब्दांची प्रार्थना करू शकतात. ते लग्न नव्हे, त्याला विधी नाही, लग्नाची शिकवण आहे तीच आहे. पण त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणी धीर धरला तर शपथ. कार्मेलिनबाई उठल्या आणि म्हणाल्या की आज आशीर्वाद, उद्या लग्न, परवा आमच्या नातवंडांना धर्मशिक्षणात हेच शिकवाल. रेल्वेतले निवृत्त डिकोस्टा म्हणाले की तुम्ही नव्या टेम्पोला आशीर्वाद देता, माणसाला द्यायला काय जातं. कुणी सुप्रीम कोर्ट काढलं, की त्यांनीसुद्धा ऑक्टोबरात अशा लग्नाला नाही म्हटलं, मग रोमला एवढी घाई का. मला खरं सांगायचं तर गंमत वाटत होती. एरवी प्रवचनाला निम्मी माणसं पेंगत असतात.

दुपारी इग्नेश नेहमीसारखा रविवारचा जेवायला आला. मी त्याला कार्मेलिनबाईंची नक्कल करून दाखवली. एरवी तो पोट धरून हसतो. काल हसला नाही. त्याने विचारलं की आई, तुला काय वाटतं. मी सहज म्हणाले की मामाला वाटतं तेच मला वाटतं. त्याने ताट बाजूला सारलं आणि सांगितलं की तो आणि प्रज्ञेश असेच आहेत. बरीच वर्षं आहेत. चर्च काही म्हणो, कोर्ट काही म्हणो, त्याच्या लेखी ते लग्नच आहे.

प्रज्ञेश तुला माहीत आहे. औंढ्याच्या रखमाजींचा मुलगा, पॉलीहाऊसमध्ये गुलाब पिकवतो. नाताळला वेदीवरची फुलं त्याच्याकडूनच येतात आणि सगळे म्हणतात, हिंदू असून किती श्रद्धा. दोघांनी मिळून भांगरवाडीत फ्लॅट घेतला तेव्हा मीच म्हणाले होते की बरं झालं, एकट्याला हप्ता जड गेला असता.

आगस्टीन, जन्मभर शाळेत दुसऱ्यांची पोरं ओळखली, आणि पोटचा पोर समोर बसून जेवत होता तो ओळखला नाही. त्याने लग्न लावून द्या असं म्हटलं नाही. त्याचं एवढंच म्हणणं की फादर कधी घरी येऊन दोघांसाठी प्रार्थना करतील तर तू ये. मी म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही. मग त्याने आपलं ताट घासून ठेवलं आणि गेला.

बेनेडिक्ट गेल्यापासून त्याने कुणाचं ऐकलं असेल तर तुझंच. मामा म्हणून तूच काय ते सांग. मला काही सुचत नाही.

मुलांना पापे. अक्कावर माया करतोस तशी करत राहा.

तुझी,
सिसिलियाअक्का


टाकवे बुद्रुक
१४ जानेवारी २०२४

॥ येशू, मरीया, जोसेफ ॥

ती. सिसिलियाअक्कास,
आगस्टीनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यावर दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. रूथला वाटलं साखर वाढली. तिला मी तेच सांगितलं.

रोमचा कागद मी सगळा वाचला आहे. भांडणारांपैकी किती जणांनी वाचला असेल कोण जाणे. त्यात कुठेही लग्न नाही. आशीर्वाद मागणं म्हणजे देवा, मला तुझी मदत हवी, असं म्हणणं. आमचं बरोबर आहे असा शिक्का मागणं नव्हे. अशा माणसांचा अपमान करू नये, त्यांना टाकू नये, हेही चर्चच सांगतं आणि ते मी मानतो. कार्मेलिनबाईंसारखा मी आरडाओरडा करणार नाही. पण एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यावाचून लग्न नाही. इग्नेश माझा भाचा आहे म्हणून मी यात काना-मात्रेचा फरक करणार नाही.

अक्का, मला बसलेला धक्का कागदावर उतरत नाही. या पोराला मी पहिल्या कम्युनियनसाठी शिकवलं. सगळ्या वर्गात त्याचीच उत्तरं पाठ असायची. माझं कुठे चुकलं हेच मी दोन दिवस शोधत होतो.

आता वाटतं, चूक आपली एवढीच की त्याचं लग्न वेळेवर केलं नाही. तो म्हणाला नोकरी पक्की होऊ दे, आपण थांबलो. म्हणाला फ्लॅट होऊ दे, आपण थांबलो. एकटा पुरुष रिकाम्या घरात राहिला की मन कुठेही जातं. घरात बायको आली, मूल रांगू लागलं, की हे सगळं आपोआप मागे पडेल. मी इतकी वर्षं विवाहपूर्व शिबिरं घेतली, पुष्कळ वाकडी चाललेली पोरं लग्नानंतर सरळ झालेली पाहिली आहेत.

माझ्या मनात रेजिना आहे. शांतवन खरातची मुलगी, तळेगावला नर्स आहे. शांतवन माझा जिवाभावाचा मित्र होता आणि रेजिनाचा मी धर्मपिता आहे, तेव्हा मुलगी आपल्याच घरची समज. तू इग्नेशला काही बोलू नकोस. रडू तर मुळीच नकोस. मी बोलतो.

प्रार्थनेत आठव ठेव. लहान भावाचं काही चुकलं असेल तर पदरात घे.

तुझा,
आगस्टीन


लोणावळा
२६ फेब्रुवारी २०२४

चि. आगस्टीन यास,
अ. उ. आ.

तू जिंकलास. मागच्या बुधवारी इग्नेश कपड्यांची बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आला आणि म्हणाला की तो रेजिनाला बघायला येईल.

मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मी आत जाऊन मेणबत्ती लावली. मग त्याला विचारलं की मामाने अशी काय जादू केली, आणि त्याने सगळं सांगितलं. तू राखेच्या बुधवारपासून जेवण सोडलंस. इग्नेश होय म्हणेपर्यंत फक्त पाणी. तुझ्या डायबेटिसवर. रूथमामीने त्याला फोन करून रडत सांगितलं म्हणून त्याला कळलं. गावात सगळ्यांना वाटलं, मास्तरांचा उपवासकाळ यंदा कडक आहे, आणि म्हणे तुझं कौतुक चाललं होतं.

तुझ्या जिवाची मला काळजी वाटली, आणि तुझा रागही आला. दोन्ही लिहून ठेवते.

इग्नेश कामावर जातो, येतो, विचारलं तेवढं बोलतो. जेवायला बसतो आणि ताटातला भात इकडून तिकडे करतो. परवा संध्याकाळी प्रज्ञेश आला होता. वर आला नाही, फाटकाशी उभा राहिला. मी पाणी भरायला खाली गेले तेव्हा त्याने विचारलं की इग्नेश जेवतो ना. दुसरं काही विचारलं नाही. इतकी वर्षं ज्याला मी बाळा, चहा घे, म्हणत आले त्याला मी वर ये म्हणू शकले नाही. त्यांचं जे काही आहे ते मला अजून पटत नाही, मनात आणलं तरी कसंतरी होतं. पण तो पोरगा निम्मा झालाय हे मला दिसलं.

एकच विचारते आणि याचं उत्तर सरळ दे. रेजिनाला तू काय सांगितलंस?

जेवत जा. अक्कासाठी तरी जीव सांभाळ.

तुझी,
सिसिलियाअक्का


टाकवे बुद्रुक
५ मार्च २०२४

॥ येशू, मरीया, जोसेफ ॥

ती. सिसिलियाअक्कास,
सा. न. वि. वि.

माझी तब्येत उत्तम आहे. रूथला उगाच घाबरायची सवय आहे.

मी इग्नेशवर जबरदस्ती केलेली नाही. त्याला एक शब्द उणा बोललो नाही, हात उगारला नाही, तुझ्या नावाची शपथ घातली नाही. मी फक्त जेवलो नाही. माझ्या पोटावर माझा हक्क असेल की नाही?

शनिवारी बघण्याचा कार्यक्रम नीट झाला. इग्नेश रेजिनाशी चांगलं बोलला. रेजिनाच्या आईला, मार्थाबाईंना, तर स्वर्ग दोन बोटं उरला. आमी न्हाई कशाला म्हनू, म्हणाल्या, मास्तरांनी आणलेलं स्थळ म्हंजी देवानंच धाडलं. शांतवन गेल्यापासून त्या घरात मी इतकं हसू पाहिलं नव्हतं. ईस्टरच्या सोमवारी साखरपुडा आणि चार मे रोजी लग्न, असं ठरलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रेजिनाला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगायची गरजही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जे मागे पडलं ते उकरून पोरीचं मन कशाला कलुषित करायचं? कोणत्या नवऱ्याचं सगळं आयुष्य बायकोला ठाऊक असतं? बेनेडिक्टचं तुला होतं का? तूही आता मनातून काढून टाक.

भेटीअंती बोलूच. धाकट्यावर राग धरू नकोस.

तुझा,
आगस्टीन


लोणावळा
८ एप्रिल २०२४

चि. आगस्टीन यास,
आशीर्वाद.

काल आमच्याकडे लग्नाच्या तीन पुकारींतली पहिली झाली. तुमच्याकडेही झाली असेल. मला रात्रभर झोप नाही म्हणून सकाळी उठून लिहायला बसले आहे.

साखरपुड्याच्या दिवशी तू पाहुण्यांत होतास, मी रेजिनाजवळ होते. तिने मला बाजूला घेऊन विचारलं की इग्नेशला कालवण तिखट लागतं की बेताचं. मग हळूच सांगितलं की तीन स्थळं मोडली, कारण आईला बरोबर ठेवीन म्हटलं की मुलाकडचे गप्प व्हायचे. इग्नेशने पहिल्या भेटीत होय म्हटलं तेव्हा ती घरी जाऊन रडली. तिला वाटलं, एवढा मोठ्या मनाचा माणूस आपल्याला कसा मिळाला. आगस्टीन, त्याने होय म्हटलं कारण त्याला कशाचंच काही उरलेलं नाही. ती आई आणील नाहीतर अख्खं गाव आणील, तो होयच म्हणेल. तिने हे सांगितलं तेव्हा मी हातातला पेढा तसाच ताटात ठेवला.

काल चर्चमध्ये फादरांनी दोघांची नावं वाचली आणि नेहमीचं विचारलं की कोणाला अडथळा ठाऊक असल्यास कळवावे. रोमच्या कागदावरून गळा काढणाऱ्या सगळ्या बाया मागे वळून माझ्याकडे बघून हसल्या. कार्मेलिनबाईंनी लांबूनच हातवारे करून लाडू कधी म्हणून विचारलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

आता तुझंच तुला ऐकवते. रिटायर झाल्यापासून दर वर्षी तुझ्या शिबिरात मी घरखर्चावर बोलते आणि पुढचा तुझा तास मागे बसून ऐकते. तू पोरांना सांगतोस की संमती मोकळ्या मनाची नसेल तर वेदीपुढे म्हटलेलं होय हे होयच नाही. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नाही. फसवून घेतलेलीही नाही. आणि पुकार ऐकून ज्याला माहीत असतं तो गप्प बसला, तर त्याचाही त्यात वाटा. हे तू फळ्यावर लिहून घेतोस. इग्नेशचं होय कुठल्या भीतीचं आहे हे तुला ठाऊक आहे. रेजिनाचं होय कशाला आहे हे तिला तरी ठाऊक आहे का? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं तुझ्याबद्दल म्हणायची पाळी माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

प्रज्ञेशवरून मी तुझ्याशी भांडत नाही. तिथे तू म्हणतोस तेच खरं असेल. माझा प्रश्न या मुलीचा आहे. येत्या रविवारच्या आत तू तिला सांग, नाहीतर दुसऱ्या पुकारीला मी उभी राहीन.

काळजी घे.

सिसिलियाअक्का


टाकवे बुद्रुक
११ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
नमस्कार.

पत्र मिळालं आणि लगेच उत्तर लिहितो आहे. हात जोडून सांगतो, असं काही करू नकोस.

तू उभी राहिलीस तर कारण विचारतील. कारण सांगितलंस तर इग्नेशची अख्ख्या लोणावळ्यात बदनामी होईल, कंपनीत होईल, औंढ्यातही होईल. न सांगितलंस तर लोक त्याहून वाईट काहीतरी ठरवतील. ज्या पोराला वाचवायला मी जीव पणाला लावला त्याला तू भर चर्चमध्ये उघडा करणार का?

इग्नेश चौतीस वर्षांचा आहे. त्याने स्वतःच्या तोंडाने होय म्हटलं आहे. रेजिनाबद्दल म्हणशील तर ती धीराची मुलगी आहे. नर्सच्या नोकरीत तिने काय काय पाहिलं असेल. पुढेमागे कळलंच तर ती सांभाळून घेईल. आपल्या बायकांत ती ताकद असते.

माझ्यावर दया कर.

आगस्टीन


लोणावळा
१५ एप्रिल २०२४

चि. आगस्टीन यास,
आशीर्वाद.

भिऊ नकोस. मी काही बोलले नाही.

उभी मात्र राहिले. फादरांनी अडथळ्याचं वाक्य वाचलं आणि मी उठले. इग्नेश गाणाऱ्यांत उभा होता, त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि पुढच्या बाकाला धरून तशीच उभी राहिले. कार्मेलिनबाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी धरून बसवलं, पाणी पाजलं, पदराने वारा घातला. सगळे इतके मायेने वागले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फादर थांबले होते, ते पुढचं वाचू लागले.

घरी येताना मी इग्नेशला म्हणाले की बाबा, घाबरवलं तुला, माफ कर. तो चालत राहिला. मग म्हणाला की मी उठले तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. मी बोलावं म्हणून तो आत देवाचा धावा करत होता.

मी रस्त्यातच थांबले. विचारलं, मग तू स्वतः का नाही मोडत. तो म्हणाला की त्याने मोडलं तर मामा पुन्हा जेवण सोडेल आणि या वेळी मरेल, आणि मामाला मारून तो प्रज्ञेशबरोबर राहू शकणार नाही. रेजिनाचं वाईट वाटत नाही का विचारलं, तर म्हणाला, एवढं वाटतं की तिच्याकडे बघवत नाही. पण मामाचा जीव की तिचा संसार, यात त्याने मामाचा जीव निवडलाय.

तुझ्या न जेवण्याची ही किंमत आहे आणि ती रेजिना भरणार आहे, तिला न विचारता. मला हे आधी दिसायला हवं होतं. मीही मेणबत्ती लावलीच होती.

येत्या रविवारी तळेगावचे फादर तुमच्याकडे येणार नाहीत असं कळलं. म्हणजे प्रार्थना तू घेणार आणि तिसरी पुकार तुझ्याच तोंडून होणार. मी आता तुला काही सांगत नाही आणि मागतही नाही. माझी ताकद संपली.

रूथला सांभाळ.

सिसिलियाअक्का


टाकवे बुद्रुक
२२ एप्रिल २०२४

ती. अक्कास,

आज नेहमीचा मायना सुचत नाही. तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आहे असं समज.

काल फादर नव्हते. मिस्सेऐवजी नुसता वाचन-प्रार्थनेचा शब्दविधी मी घेतला. शेवटी घोषणा असतात. आधी महिला मंडळाची सभा, मग छपराच्या पत्र्यांची दुरुस्ती, मग पुकार. मी वाचलं की लोणावळ्याचे कै. बेनेडिक्ट मकासरे यांचे चिरंजीव इग्नेशियस आणि टाकव्याचे कै. शांतवन खरात यांची कन्या रेजिना. ती आईशेजारी बसली होती. नाव आलं तशी खाली मान घालून हसली. मग मी पुढचं वाक्य वाचलं की कोणाची हरकत असल्यास वा अडथळा ठाऊक असल्यास देवाला स्मरून कळवावे. हे वाक्य मी इतक्या जोडप्यांसाठी वाचलं आहे की वाचताना माझं लक्ष पुढच्या कागदावर असतं. काल पुढे कागद नव्हता. समोर सगळी मंडळी बसली होती. त्या सगळ्यांत ज्याला ठाऊक होतं असा मी एकटा होतो, आणि प्रश्न विचारणाराही मीच होतो.

मी म्हणालो की हरकत माझी आहे.

मला वाटतं पुष्कळांना ते नीट ऐकूच आलं नाही. मी पुन्हा म्हणालो. अडथळा आहे, मला तो पहिल्या पुकारीच्या आधीपासून ठाऊक आहे, कारण मी फक्त फादरांना आणि रेजिनाला सांगेन. मार्थाबाई उठल्या आणि ओरडल्या की मास्तर, तुमचं डोस्कं फिरलं काय, सोयरीक तुमीच आणली. शेवटचं गीत कुणी म्हटलं नाही. माणसं बाहेर न जाता तिथेच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. या चर्चमध्ये माझ्याकडे असं कुणी कधी बघितलेलं नाही.

दुपारी तळेगावला जाऊन फादरांना सगळं सांगितलं. माझ्या उपवासाचंही सांगितलं. मी त्याला उपवास म्हणत होतो, त्यांनी त्याला धमकी म्हटलं. लग्न थांबलं आहे. यंदाचं शिबिर मी घेऊ नये असं त्यांनी सुचवलं, आणि ते मी त्यांच्याआधीच ठरवलं होतं.

संध्याकाळी इग्नेश आला. कुणी कळवलं ठाऊक नाही. तो मार्थाबाईंच्या दारात माफी मागायला गेला. त्यांनी दार उघडलं नाही. बराच वेळ तो तिथे उभा होता, मग माझ्याकडे आला आणि रूथने वाढलेलं खाली मान घालून जेवला. मीही त्याच्यासमोर बसून जेवलो. त्याला मी सांगितलं की माझं मत बदललेलं नाही. तो आणि प्रज्ञेश यांना मी लग्न म्हणणार नाही, तो विषय माझ्या हातातला नाही. पण यापुढे त्याच्यासाठी मुलगी शोधणार नाही आणि अन्नावर राग काढणार नाही. तो हूं म्हणाला आणि रात्रीच्या गाडीने भांगरवाडीला गेला. तुझ्याकडे नाही, भांगरवाडीला, हे तुला कळलेलं बरं.

गावाने कारण शोधून काढलं आहे. सगळे म्हणतात, पोराचं लोणावळ्यात आधीच एक बिऱ्हाड आहे. आज सकाळी शेजारच्या मारुतीने मला चावडीवर गाठून विचारलं की मास्तर, त्येच्या घरी कुनी हाये म्हंत्यात, खरं का. खोटं आहे असं सांगायला मी तोंड उघडलं. अक्का, मला ते सांगता आलं नाही. मी तसाच घरी आलो आणि तेव्हापासून याचाच विचार करतो आहे. शिकवण मला आजही तोंडपाठ आहे, तरी त्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर मला का देता आलं नाही हे कळत नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. ती मघापासून टाळतो आहे.

चर्च रिकामं झाल्यावर रेजिना आत आली. मी तिला सगळं सांगितलं, नावासकट. ती शांतपणे ऐकत होती, वॉर्डात पेशंटचं ऐकावं तशी. इग्नेशला ती एक शब्द वाईट बोलली नाही. तिने विचारलं की मला कधीपासून ठाऊक होतं. मी म्हणालो, तुझं नाव सुचवलं त्याच्याही आधीपासून. मग तिने विचारलं की मला स्वतःची मुलगी असती तर मी त्या घरात दिली असती का.

तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातात धरून देवापुढे तिच्या वतीने उत्तरं मीच दिली होती. काल तिने स्वतः विचारलं आणि मी खरं सांगितलं. म्हणालो, नाही.

तिने मान हलवली आणि आईला घेऊन घरी गेली. आज सकाळी ती आमच्या दारावरून कामाला गेली. रोज आत डोकावून बाबा, येते, म्हणते. आज आत डोकावली नाही, सरळ पुढे गेली.

लोभ असू द्यावा असं लिहायचा हक्क मला उरला आहे का, तूच ठरव.

आगस्टीन